मागची बंद करताना

मला इस्त्रीसाठी प्लग हवा होता. पुढे जे काही घडलं त्याची सुरुवात इतकी साधी होती, हे मी समितीलाही लेखी कळवलं. त्यांनी ते नोंदवून घेतलं नाही.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. माझी रजा संपली होती. वाचनालयात लोकांनी आवाज खाली ठेवावा म्हणून मी अठरा वर्षं झगडत आले. आता मी नुसती दिसले तरी सगळे आपोआप कुजबुजायला लागायचे. अशा वेळी निदान कपडे तरी नीट असावेत. बाहेरच्या खोलीतला प्लग ठिणग्या उडवायचा, म्हणून मी इस्त्री घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे बाबांचं यंत्र घरघरत होतं. त्याच्या प्लगवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘काढू नये.’

आता बाबांच्या चिठ्ठ्या घरभर होत्या. फ्रिजवर ‘दार लोटू नये, लावावे’, कात्रीवर ‘वापरून परत’, एका रिकाम्या डब्यावर ‘रिकामा’. त्यातल्या प्रत्येक चिठ्ठीला मान दिला असता तर आयुष्यात दुसरं काही करता आलं नसतं. मी प्लग काढला, चार कपड्यांना इस्त्री केली आणि कामावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“मागची का?”

“कोण मागची?”

“तुमची मागची. काल सकाळपासून बंद आहे. सगळं तुंबलंय.”

“तुंबलं असेल तर पालिकेला कळवा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी पुन्हा तेच गृहस्थ. “ताई, मी वेधशाळेतून बोलतोय. तुमच्याकडे वीज आहे ना?”

“आहे.”

“यंत्र बिघडलं का?”

“नाही. मी इस्त्री केली.”

मग ते म्हणाले, “यंत्रावर?”

वेधशाळेतल्या काकांनी (पुढे मी त्यांना काकाच म्हणू लागले, कारण ते दिवसातून दोनदा फोन करत आणि इतक्या फोनांना काही तरी नातं लावावंच लागतं) मला सगळं समजावून सांगितलं. हल्ली ज्याला पत्ता म्हणतात तसा पत्ता त्या काळी यंत्रांना नव्हता. तेव्हा पत्ता म्हणजे वाट. अमक्याला पत्र द्या, एवढं सांगून भागत नसे. आधी कुणाकडे, त्याच्याकडून कुणाकडे, मग तिथून कुणाकडे, अशी सगळी ठिकाणांची नावं ओळीने लिहायची. मग यंत्रं ठरल्या वेळी एकमेकांना साध्या टेलिफोनवरून फोन करत आणि पत्रं हातोहात पुढे सरकवत. आमचं यंत्र रोज सकाळी सात आणि संध्याकाळी साडेपाच वाजता वेधशाळेला फोन करायचं. आणि आमच्याही पलीकडे चार ठिकाणं होती, ज्यांची सगळी पत्रं आमच्या मागच्या खोलीतून जात: एक रुग्णालय, एक बियाण्यांची प्रयोगशाळा, एक छापखाना आणि बेटावरची एक शाळा. माझ्या चार कपड्यांपायी एक अख्खं बेट एक दिवस गप्प होतं.

मला वाटत होतं, बाबा निवृत्तीनंतर त्या खोलीत बुद्धिबळ खेळतात.

यंत्र पुन्हा लावलं. पण ते कायम चालू ठेवणं शक्य नव्हतं, आणि त्याला मीच कारण होते. बाबांनी नोकरीची तीस वर्षं टेलिफोनची पुस्तिका तयार करणाऱ्या कचेरीत घालवली होती. त्या पुस्तिकेत बाबांचं नाव तसंच राहू नये, चूक त्यांना खपली नसती, म्हणून मी कचेरीत जाऊन ते गेल्याचं कळवून आले होते. तिथल्या कारकुनाने फार सहानुभूती दाखवली आणि बाबांच्या नावावर असलेली दुसरी लाइन महिनाअखेरीस दुपारी बारा वाजता तोडण्याचा हुकूम काढला.

“मी फक्त नाव काढायला सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“बाई, नाव काढलं की नंबर कुणाचा?” त्याने विचारलं. हुकूम निघाला होता, तो आता मागे घेता येत नव्हता.

दादाला फोन केला. माझा भाऊ दूरदेशी असतो आणि तिथून त्याला आमच्या घरातलं सगळं स्पष्ट दिसतं. “अगं, काढून टाक ती वायर,” तो म्हणाला. “लोकांना कळेल आपोआप.”

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत वेगळं होतं. त्या यंत्रापुढे खुर्ची ओढून बसल्या, त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “याच्यावर छान कापड घाल आणि फुलदाणी ठेव. कुणाला कळणारही नाही.”

काढून टाकणं किंवा फुलदाणी ठेवणं, दोन्ही मी करूही शकले असते. पण बाबांच्या कपाटात मला नियमावली सापडली. ‘ठिकाणांची नावे व पत्ते: नियम’. सव्वीस नियम, टाइप केलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा. ते बाबांनीच लिहिलेले आहेत हे पहिल्या पानावरच कळत होतं. ठिकाणाचं नाव सात अक्षरांच्या आत असावं. दोन ठिकाणांचं नाव एक असू नये. देवाचं नाव देऊ नये, कारण यंत्र कधी तरी बंद पडतं. साहेबाचं देऊ नये, कारण साहेब बदलतात. बायकोचं देऊ नये, कारण नाव एकदा दिलं की बदलता येत नाही. बाबांनी आमच्या ठिकाणाला नाव दिलं होतं ‘मागची’, म्हणजे मागची खोली. इतकं निरुपद्रवी नाव त्यांनी आम्हा भावंडांनाही दिलं नाही.

मी व्यवसायाने पुस्तकांना क्रमांक देते. नियम वाचायची मला सवय आहे, आवडही आहे. त्यामुळे विसाव्या नियमापर्यंत मी कौतुकाने वाचत गेले. एकविसाव्यावर थांबले.

दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या ठिकाणांची यादी निघे. प्रत्येक नावापुढे एक शेरा असे. शेरे तीनच: ‘चालू’, ‘कळवून बंद’ आणि ‘न कळवता बंद’. या तिसऱ्या शेऱ्याबद्दल बाबांना काय वाटत असे ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी जेवताना ते एकदम घास खाली ठेवून म्हणाले होते, “न कळवता बंद! सहा वर्षं त्यांची पत्रं पोहोचवली मी. एक ओळ लिहायला काय झालं होतं?” मला वाटलं होतं एखाद्या वर्तमानपत्राबद्दल बोलताहेत. मी भाजी वाढली.

लाइन तुटली, यंत्र गप्प झालं, की एक तारखेला छापून येणार होतं: मागची, न कळवता बंद. खाली चालक म्हणून बाबांचं नाव. मी यादी पाहिली. आधीच्या महिन्यात अशी दोन नावं होती आणि ती वाचताना मलासुद्धा त्या माणसांचा राग आला. ते काही मी होऊ देणार नव्हते. हातात अकरा दिवस होते.

समितीत तीन सभासद होते. बाबा, एक चिटणीस, आणि तिसरे एक जे कधीच बोलत नसत. मी चिटणिसांना फोन केला. ते सावकाश, मोठ्याने वाचून दाखवल्यासारखे बोलत.

“फार वाईट झालं. आपले वडील म्हणजे समितीचा कणा. आपल्याला फॉर्म क्रमांक अकरा भरावा लागेल.”

“भरते.”

“तो चालकाने स्वतः, स्वतःच्या ठिकाणावरून पाठवायचा असतो.”

“ते गेले आहेत.”

“हो, ते आलं लक्षात. बंद करण्याचं कारण काय लिहाल? फॉर्मवर तीन कारणं आहेत. यंत्र बिघडले, आवड उरली नाही, जागा बदलली.”

मी थोडा विचार केला. “जागा बदलली लिहू का?”

“मग नवीन पत्ता द्यावा लागेल,” चिटणीस म्हणाले, आणि लगेच त्यांनाच ठसका लागला. “क्षमा करा. सवयीने बोललो.”

बाबांनी सगळ्याचा विचार केला होता. वीज जाणं, उंदरांनी वायर कुरतडणं, चालकांची आपसात भांडणं. हे एक सोडून. मला त्यांचा जरा रागच आला. नंतर तो टिकवता आला नाही.

चिटणिसांनी एक मार्ग काढून दिला. आधी मी चालक व्हायचं, मग मीच फॉर्म भरायचा. नवा चालक नेमायला मावळत्या चालकाचं शिफारसपत्र लागतं.

“पण ते...” मी सुरुवात केली.

“हो. ते एक आहेच,” चिटणीस म्हणाले. “नियम वडिलांचेच आहेत हो. मी काय करू?”

वेधशाळेतल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. “ताई, यंत्राला कुलूप नाहीये. तुमचे बाबा म्हणायचे, स्वतःच्या घरात कसलं कुलूप लावायचं. बसा खुर्चीत आणि लिहा शिफारस. पत्र त्यांच्याच नावाने जाईल. यंत्राला काय कळतंय कोण बसलंय ते.”

खोटी सही मी जन्मात केली नव्हती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही नाही, आणि तिथे गरज होती. पण बसले. आणि मग वेगळीच अडचण आली. मला बाबांच्या वतीने माझी शिफारस करायची होती. पहिल्यांदा लिहिलं, ‘माझी मुलगी हुशार, कर्तबगार व विश्वासू आहे.’ वाचून पाहिलं. बाबांना ओळखणाऱ्या कुणीही हे वाचताक्षणी मला पोलिसांत दिलं असतं. मी ‘कर्तबगार’ खोडलं. मग ‘हुशार’ खोडलं. तासाभराने एक ओळ उरली: ‘यापुढे मागचीचे काम माझी मुलगी पाहील. ती ते करू शकेल असे वाटते.’ तरीही ‘असे वाटते’ जरा सढळ हाताने लिहिलंय असं मला वाटत राहिलं.

पत्र कुणाला पाठवायचं, तर समितीला. यंत्रात बाबांनी ज्या त्या वाटांना छोटी नावं देऊन ठेवली होती, म्हणजे दर वेळी सगळी वाट लिहायला नको. त्यांत ‘समिती’ होतं. मी समिती लिहिलं आणि पाठवून दिलं.

बाबांच्या लेखी समिती म्हणजे तीन माणसं नव्हती. यादीतली सगळीच्या सगळी ठिकाणं त्यांनी त्या नावाखाली घातली होती. हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला कळलं, तेव्हा यंत्र दहा मिनिटं थांबायलाच तयार नव्हतं. एकोणतीस पत्रं आली.

बाबा गेल्याची बातमी आधी वेधशाळेतून थोडीफार पसरली होती. आता खुद्द बाबांचं पत्र आलं होतं, ताज्या तारखेचं, त्यांच्या ठिकाणावरून. त्या माणसांचा माणसांवर विश्वास असेल-नसेल, पत्राच्या माथ्यावर जे नाव आहे त्यावर पूर्ण होता.

‘अफवा होती तर! आम्ही दोन मिनिटं शांत उभेसुद्धा राहिलो. ती परत करा.’

‘शंभर वर्षं जगाल आता.’

‘मला माहीतच होतं. तुम्ही आणि न कळवता जाल?’

छापखान्यातल्या माणसाने लिहिलं होतं, ‘ज्याने ही बातमी दिली त्याला मी बघून घेतो.’ बातमी काकांनी दिली होती. काकांना त्या दिवशी चार शिव्याशापांची पत्रं गेली आणि ती सगळी आमच्याच यंत्रातून गेली.

मी खुर्चीत बसून ती पत्रं एकेक वाचली. इतक्या आठवड्यांत प्रथमच कुणी तरी बाबांविषयी आनंदाने लिहीत होतं. मी वाचता वाचता हसत होते. एका पत्राला तर उत्तर लिहायलाही घेतलं, त्यांच्या धाटणीत, आणि अर्ध्यावर हात थांबले.

बेटावरच्या शाळेतल्या बाईंचं पत्र शेवटचं होतं. ‘म्हणजे पटवलंत वाटतं मुलीला अखेर! दोन वर्षं नुसतं विचारतो, विचारतो म्हणत होतात.’

मला कुणी काही विचारलं नव्हतं. दोन वर्षं मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडंच असे.

ते पत्र मी बंद केलं नाही. पडदा आपोआप काळा होईपर्यंत तसंच ठेवलं. मग काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “एवढी पत्रं? मग चांगलंच आहे की गं. कशाला कुणाला सांगतेस? असू देत जिवंत त्यांच्यापुरते.”

मी म्हटलं, “काकू, असं नाही चालत.”

“तुझ्या बाबांसारखंच बोललीस,” त्या म्हणाल्या आणि कप तिथेच ठेवून उठल्या.

मी चिटणिसांना फोन करून शिफारस मीच लिहिली होती हे खरं सांगितलं. ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं समितीचे तिसरे सभासद फोनवर आले आहेत. मग म्हणाले, “नेमणूक रद्द करावी लागेल. चालक नाही, म्हणजे फॉर्म नाही. मग शेरा...”

“मला ठाऊक आहे शेरा कोणता ते.”

“माझा नाइलाज आहे, ताई.”

शेऱ्याचं काही होवो, बावन्न ठिकाणच्या माणसांना मी पुन्हा कळवणं भागच होतं. ‘समिती’ हे नाव वापरायची आता हिंमत नव्हती. शिवाय बाबा जिवंत असल्याचं ज्यांना कळवलं त्या सगळ्यांना मिळून एका झटक्यात ते गेल्याचं कळवणं मला बरं वाटेना. मी एकेकाला लिहायला बसले. प्रत्येकाची वाट वेगळी, प्रत्येक वाट हाताने लिहायची. माथ्यावर बाबांचं नाव येतच होतं, म्हणून पहिली ओळ अशी असे: ‘हे पत्र त्यांच्या यंत्रावरून त्यांची मुलगी लिहीत आहे. आधीचेही तिनेच लिहिले होते.’ कामावरून आल्यावर रोज सात-आठ. आमच्या पलीकडच्या चार ठिकाणांना काकांनी थेट वेधशाळेची वाट लावून दिली होती, तीही त्यांना कळवली. रुग्णालयाला लिहिलं, छापखान्याला लिहिलं आणि काकांची बाजू मांडली. बेटावरच्या बाईंना लिहिताना शेवटी एक ओळ वाढवली: ‘विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.’ ती खोडली, परत लिहिली, आणि सात वाजता ती गेलीसुद्धा.

लिहायला बसल्याच्या आठव्या दिवशी चिटणिसांचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच घाईत होता.

“ताई, आपण हे काय चालवलंय? माझं यंत्र भरून गेलंय. सगळीकडून एकच पत्र येतंय. ‘मला कळवले आहे.’ ‘मला कळवले आहे.’ दुसरा शब्द नाही.”

ती सवय बाबांनीच लावली होती त्यांना. कुठलीही सूचना मिळाली की पोच द्यायची, चार शब्दांच्या आत, आणि ती चिटणिसांना. वर्षानुवर्षं त्यांनी पोच न देणाऱ्यांना खरमरीत पत्रं लिहिली होती. आता माणसं दुःखात होती, मला रागावली असतील, तरी पोच द्यायला कुणी चुकलं नव्हतं.

“म्हणून मी नियमावली पुढे वाचली,” चिटणीस म्हणाले. “खरं सांगतो, एकविसाव्या नियमापुढे मी कधी गेलोच नव्हतो. तुमचे वडील पाठ म्हणायचे, मग वाचतो कोण? नियम बाविसावा. यादीतील प्रत्येक ठिकाणाने ‘मला कळवले आहे’ असे उत्तर दिल्यास, फॉर्म कोणी भरला, भरला की नाही, हे न पाहता शेरा ‘कळवून बंद’ असा द्यावा.”

मी भिंतीला टेकले. “मग झालं तर!”

“बावन्न पोचा आल्या आहेत. यादीत त्रेपन्न ठिकाणं आहेत.”

“राहिलं कोण?”

“मागची,” चिटणीस म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, अहो, मागची म्हणजे आम्हीच. बंद होणारं ठिकाण तेच. मीच कळवणारी आहे.

“नियमात ‘प्रत्येक’ असं आहे. मागची यादीत आहे. तिला कळवल्याचं पत्र आणि तिची पोच, दोन्ही लागतील. पोच तिथे बसलेल्या माणसाची चालेल, चालकच हवा असं बाविसाव्यात नाही, मी दोनदा वाचलं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “एवढं करा, ताई. मला तो दुसरा शेरा टाइप करायचा नाहीये.”

महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मी यंत्रापुढे बसले. बावन्न पत्रं लिहून झालेली असल्यामुळे मजकूर पाठ होता. ‘कळवण्यास दुःख होते की...’ लिहिलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली. पाठवायला गेले तर यंत्राने वाट विचारली. काकांकडून कळलं की बाबा घरातल्या घरातलं पत्रसुद्धा वेधशाळेपर्यंत पाठवून परत आणवत. त्यामुळे लाइन नीट आहे की नाही ते कळतं म्हणे. मी लिहिलं: वेधशाळा, तिथून मागची. सात वाजता यंत्राने फोन लावला, कर्कश शिट्टी वाजवली आणि पत्र घेऊन गेलं.

त्या दिवशी मी रजा काढली. वाचनालयात कारण कुजबुजत विचारलं. मी सांगितलं, घरी पत्र यायचंय.

दिवसभर काय केलं ते आठवत नाही. काकू दोनदा येऊन गेल्या. दादाचा फोन आला. वायर काढली का, त्याने विचारलं. मी म्हटलं, उद्या. तो पुढे काही तरी बोलणार होता, मग म्हणाला, “ठीक आहे. तू जेवलीस ना?” त्याने हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

साडेपाचला शिट्टी वाजली. पडद्यावर एक ओळ आली: मागचीसाठी पत्र, एक.

मी ते उघडलं. पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं की ते गेले. तारीख होती. शब्द माझेच होते, सकाळी मीच लिहिलेले, बावन्न वेळा लिहिलेले. तरी मी ते अगदी सावकाश, बोट लावून, जसं कुणी नवं पत्र वाचतं तसं शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. खोलीत उजेड कमी झाला होता आणि यंत्राशिवाय कसलाही आवाज नव्हता.

मग मी चिटणिसांच्या नावे उत्तर लिहिलं. ‘मला कळवले आहे.’ त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं.

ते आता सकाळी सातच्या फोनला जाणार होतं. लाइन बारापर्यंत होती. तोवर यंत्र चालू ठेवायला हवं होतं, म्हणून मी दिवा न लावता तिथेच बसून राहिले.